तारा हलला की फोटो गेला: दुर्बिणीला आकाशाबरोबर चालायला शिकवण्याची दोनशे वर्षं

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी मजकूर जसाच्या तसा.)

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय फोटोचा आहे, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो एकदा तरी करून पाहिलाय. कुठल्या तरी ट्रेकला गेलात, रात्री आकाश मस्त होतं, फोन दगडाला टेकवला, नाइट मोड लावला आणि वीस सेकंद वाट पाहिली. तारे आले! मग वाटलं, वीस सेकंदांत एवढं येतं तर वीस मिनिटांत काय येईल? येतात रेघा. प्रत्येक ताऱ्याची एक वाकडी रेघ.

कारण साधं आहे, पृथ्वी फिरते. पण ‘पृथ्वी फिरते’ या शाळेतल्या वाक्याने दोनशे वर्षं भल्याभल्यांना रात्रभर जागवलंय. त्यांची बोटं गारठली, पाठी धरल्या आणि त्यातल्या काहींनी विश्वाची कल्पनाच बदलून टाकली. त्या जागरणाची ही गोष्ट. आज ज्याला आपण ऑटोगायडिंग म्हणतो, तिथपर्यंत ती येते.

आणि ही गोष्ट सांगायला माझ्याकडे एक खास कारणही आहे. ॲस्ट्रोफोटोग्राफीचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “आपल्याला नाही परवडणार, त्याला लाखांचं माउंट लागतं.” इतिहास पाहिला तर हे वाक्य अर्धंच खरं ठरतं. कसं, ते बघूच.

नेमकं किती स्थिर?

आधी थोडे आकडे. घाबरू नका, सोपे आहेत.

आपल्या पंचांगात कोन मोजायला अंश, कला आणि विकला असतात. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. विकला म्हणजेच इंग्रजीतला आर्कसेकंद. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण १,८०० आर्कसेकंद भरते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे दर सेकंदाला जवळपास १५ आर्कसेकंद सरकतात.

आता ५०० मिलिमीटर फोकल लेंथची छोटी दुर्बीण घ्या आणि तिला आजचा एखादा लोकप्रिय कॅमेरा लावा, ज्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे. या जोडीत एक पिक्सेल आकाशातला सुमारे १.५५ आर्कसेकंदांचा तुकडा बघतो. म्हणजे दुर्बीण नुसती उभी असेल तर एका सेकंदाच्या दहाव्या भागात तारा एक पिक्सेल ओलांडून जातो. फोनचं भिंग रुंद कोनाचं असतं, म्हणून तिथे वीस सेकंद चालून जातात. इथे नाही.

मग उपाय काय? दुर्बीण उलट दिशेने, त्याच वेगाने फिरवायची. तिचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा आणि २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी होईल अशी मोटर लावायची. याला म्हणतात ट्रॅकिंग, आणि हे करणाऱ्या स्टँडला म्हणतात इक्वेटोरियल माउंट.

ऐकायला सोपं आहे. पण माउंटच्या आत दहा सेंटिमीटर व्यासाचं दातेरी चाक असेल, तर एक आर्कसेकंद म्हणजे त्या चाकाच्या कडेवर किती अंतर? मिलिमीटरचा साधारण चार हजारावा भाग. आपला केस याच्या तीनेकशे पट जाड असतो! कुठल्या कारखान्यात इतकं अचूक चाक कापणार? आणि कापलंच, तरी त्यावर एक धुळीचा कण बसला की संपलं.

गोष्टीतली खरी अडचण हीच. पुढे येणारा प्रत्येक माणूस याच एका भिंतीला धडकलाय.

घड्याळ लावलेली दुर्बीण

१८२४ साली जर्मनीच्या योसेफ फ्राउनहोफरने बनवलेली दुर्बीण दोर्पातला पोचली. आज ते शहर एस्टोनियात आहे, नाव तार्तू. भिंग २४ सेंटिमीटरचं, त्या काळी या जातीच्या दुर्बिणींत जगातलं सर्वात मोठं. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं ते भिंगाखालचं यंत्र. वजनाच्या ओढीवर चालणारं एक घड्याळयंत्र दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवत होतं. आज हजारो हौशी लोकांच्या गच्चीवर दिसणारं ‘जर्मन इक्वेटोरियल’ माउंट याच घराण्यातलं.

डोळ्याने बघणाऱ्याला हे यंत्र भरपूर झालं. तारा थोडा थरथरला तरी डोळा सांभाळून घेतो. पण मग फोटोग्राफी आली, आणि फोटोची प्लेट काही सांभाळून घेत नाही. तिच्यावर जे पडतं ते साठत जातं, चूकसुद्धा.

१८५० च्या जुलैत हार्वर्डच्या वेधशाळेत विल्यम बाँड आणि छायाचित्रकार जॉन व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचा फोटो घेतला. सूर्य सोडला तर ताऱ्याचा हा पहिला फोटो. एक्सपोजर सुमारे १०० सेकंदांचं. अभिजित आपल्या आकाशातला सर्वात तेजस्वी ताऱ्यांपैकी एक, म्हणून जमलं. अंधूक गोष्टींचं काय? घड्याळयंत्र हिसके देत चालत होतं आणि प्लेट मंद होती. १८५७ मध्ये चांगलं यंत्र आणि ओली कोलोडियन प्लेट हाताशी आल्यावर तिथेच वसिष्ठ-अरुंधतीच्या जोडीचे फोटो निघाले. पण ओल्या प्लेटची अडचण नावातच आहे. ती वाळायच्या आत, म्हणजे काही मिनिटांत, सगळं उरकायला लागायचं.

१८७० च्या दशकात कोरडी जिलेटिन प्लेट आली आणि वेळेचं बंधन सुटलं. आता तासभर एक्सपोजर द्या, कोण अडवतंय? अडवत होतं ते घड्याळयंत्रच.

हौशी लोक पुढे सरसावतात

इथे गोष्टीला एक गमतीशीर वळण मिळतं. अंधूक आकाशाच्या फोटोग्राफीतली पहिली मोठी पावलं पगारी खगोलशास्त्रज्ञांनी टाकली नाहीत. ती हौशी मंडळींनी टाकली.

हेन्री ड्रेपर शिक्षणाने डॉक्टर. न्यूयॉर्कजवळ हेस्टिंग्ज-ऑन-हडसनला त्याची खाजगी वेधशाळा होती. ३० सप्टेंबर १८८० ला त्याने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला, ५१ मिनिटांचा. तेजोमेघाचा हा जगातला पहिला फोटो. दीडच वर्षात, १८८२ च्या मार्चमध्ये, तो १३७ मिनिटांपर्यंत पोचला. त्याच वर्षी तो वारला, वय अवघं ४५.

दुसरा अँड्र्यू कॉमन. लंडनजवळच्या ईलिंगमध्ये राहणारा, व्यवसायाने सांडपाण्याच्या कामांचा इंजिनिअर. त्याने घराच्या बागेत ९१ सेंटिमीटर आरशाची दुर्बीण उभी केली आणि जानेवारी १८८३ मध्ये त्याच तेजोमेघाचा इतका सुरेख फोटो काढला, की डोळ्याला न दिसणारे तारेही त्यात उमटले. दुर्बिणीला डोळा लावून जे कधीच दिसणार नाही ते प्लेटवर दिसतं, हे लोकांना पटलं ते इथे.

आणि कॉमनने ट्रॅकिंगच्या प्रश्नाचं एक हुशार उत्तर काढलं. टनावारी वजनाची दुर्बीण केसाच्या तीनशेव्या भागाएवढी हलवणं अवघड आहे ना? मग दुर्बीण हलवूच नका, प्लेट हलवा! प्लेटचा होल्डर सरकत्या पट्ट्यांवर बसवायचा, शेजारी एक आयपीस लावायचा. आयपीसमध्ये एक तारा तारेच्या फुलीवर ठेवायचा आणि तो सरकला की स्क्रू फिरवून होल्डर परत जागेवर आणायचा. पुढे अमेरिकेत जॉर्ज रिचीने हीच पद्धत आणखी सफाईदार केली.

हे गायडिंग. ट्रॅकिंग आणि गायडिंग यातला फरक इथे नीट पकडा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. ट्रॅकिंग म्हणजे यंत्र आपल्या हिशोबाने चालणं. गायडिंग म्हणजे ते चुकतंय का हे कुणीतरी सतत बघणं आणि चूक दुरुस्त करणं. ट्रॅकिंग आंधळं असतं, गायडिंगला डोळा असतो.

देवयानीचा फोटो आणि पुण्याची दुर्बीण

तिसरा हौशी माणूस आयझॅक रॉबर्ट्स. लिव्हरपूलचा बांधकाम व्यावसायिक. त्याने डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातून ५१ सेंटिमीटरची आरशाची दुर्बीण करून घेतली. ग्रब हे त्या काळचं मोठं नाव. त्यांच्या यंत्रांत दुर्बिणीच्या घड्याळाचा वेग लंबकाच्या घड्याळाशी विजेच्या साहाय्याने जुळवत राहण्याची सोय होती.

२९ डिसेंबर १८८८ ला रॉबर्ट्सने देवयानी तेजोमेघावर, म्हणजे ज्याला आज आपण अँड्रोमेडा दीर्घिका म्हणतो त्यावर, दुर्बीण रोखली आणि सुमारे चार तास प्लेट उघडी ठेवली. प्लेट धुतल्यावर जे दिसलं ते आधी कुणी पाहिलं नव्हतं. तो धूसर ठिपका म्हणजे सर्पिल चक्र होतं! रॉबर्ट्सला वाटलं, ही एखादी सूर्यमाला जन्माला येतेय. त्याचा अर्थ चुकला, पण फोटो बरोबर होता. चार तास तारे जागेवर ठेवल्याशिवाय ती वळणं उमटलीच नसती.

आता आपल्याकडे येऊ. ग्रब यांच्याच कारखान्यातून, त्याच ५१ सेंटिमीटर मापाची एक दुर्बीण पुण्यात आली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८० च्या दशकाच्या अखेरीस महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. ती चालवत होते प्राध्यापक कावसजी नायगमवाला. त्यांनी मृगातल्या त्याच तेजोमेघाच्या प्रकाशाचा वर्णपट अभ्यासला. वर्णपटालाही ट्रॅकिंग लागतंच, अंधूक प्रकाश बारीक फटीवर धरून ठेवायचा असतो. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. यंत्रं कोडाईकनालला गेली. पुण्यातून रोज जाता-येता दिसणाऱ्या त्या कॉलेजात एके काळी भारतातली सर्वात मोठी दुर्बीण होती, हे किती जणांना माहीत असतं?

बर्नार्ड: हाडामांसाचा ऑटोगायडर

या सगळ्यांत मला सर्वात जवळचा वाटतो तो एडवर्ड इमर्सन बर्नार्ड. १८५७ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलला जन्म. जन्माआधीच वडील गेलेले, घरात कमालीची गरिबी. नऊ वर्षांचा होण्याआधीच त्याला एका फोटो स्टुडिओत कामाला लावलं. काम काय? छपरावर एक भलंमोठं एन्लार्जर होतं, सूर्यप्रकाशावर चालणारं. सूर्य सरकतो, म्हणून ते यंत्र दिवसभर हाताने हळूहळू फिरवत सूर्याकडे रोखून ठेवायला एक पोरगा लागायचा. उन्हात, तासन्‌तास, डुलकी न घेता.

त्या पोराला अख्ख्या आयुष्याची दीक्षा तिथेच मिळाली म्हणायची! १८८८ मध्ये बर्नार्ड कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत पोचला. पोर्ट्रेट काढायच्या स्टुडिओतलं जुनं भिंग त्याने एका छोट्या दुर्बिणीवर बसवलं आणि १८८९ पासून आकाशगंगेचे फोटो घ्यायला सुरुवात केली. एकेक फोटो तीन-तीन, चार-चार तासांचा. तेवढा वेळ एक डोळा आयपीसला, एक हात स्क्रूवर. तारा फुलीवरून हलला की परत आणायचा. अंगावर लोकरीचे कपडे चढवायचे, पण घुमटात शेकोटी नाही, कारण गरम हवा चढली की तारे थरथरतात. पुढे तो यर्कीज वेधशाळेत गेला, विस्कॉन्सिनच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात. तिथेही हेच.

त्याला फळ काय मिळालं? आकाशगंगेत काळे डाग दिसले. आधी त्याला ती भोकं वाटली, ताऱ्यांविना रिकाम्या जागा. वर्षानुवर्षं प्लेटा बघितल्यावर उलगडलं की ते धुळीचे काळे ढग आहेत, मागचे तारे झाकणारे. आजही अशा कृष्ण तेजोमेघांना बर्नार्डच्या यादीतले क्रमांक आहेत. मृगातला प्रसिद्ध ‘घोड्याचं डोकं’ तेजोमेघ म्हणजे बर्नार्ड ३३. त्याचा आकाशगंगेचा ॲटलास १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

बर्नार्डकडे अचूक यंत्र नव्हतं. त्याच्याकडे होती चूक लगेच ओळखणारी नजर. रात्रभर.

जोडदुर्बीण आणि तिची खोड

१८८७ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि अख्ख्या आकाशाचा फोटो-नकाशा काढायचा ठरलं. प्रकल्पाचं नाव कार्ट द्यू सिएल, फ्रेंचमध्ये आकाशाचा नकाशा. जगभरच्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. त्यात एक पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. मराठवाड्यातल्या मंडळींनो, तुमचे जिल्हे तेव्हा याच निजामाच्या राज्यात होते बरं का.

या कामाची दुर्बीण पॅरिसच्या हेन्री बंधूंनी ठरवली. एका नळीत फोटोची दुर्बीण आणि तिला चिकटून बघायची दुर्बीण. एकीत प्लेट, दुसरीत माणूस. आज तुम्ही हौशी लोकांच्या मुख्य दुर्बिणीवर जी छोटी ‘गाइड स्कोप’ बघता, तिची ही पणजी.

पण जोडदुर्बिणीत एक खोड आहे. दोन नळ्या स्वतःच्या वजनाने वाकतात, आणि दोघी सारख्याच वाकतील याची खात्री नसते. गाइड स्कोपमध्ये तारा फुलीवर अगदी घट्ट, आणि प्लेट धुतली तर रेघ! आज याला डिफरेन्शियल फ्लेक्शर म्हणतात. कॉमनच्या पद्धतीत ही अडचण नव्हती, कारण तिथे गाइड ताराही त्याच आरशातून यायचा. आजचं ‘ऑफ-ॲक्सिस गायडर’ हेच करतं. छोट्या प्रिझमने मुख्य दुर्बिणीच्याच कडेचा थोडा प्रकाश गाइड कॅमेऱ्याकडे वळवतं.

पिंजऱ्यात बसलेला माणूस

विसाव्या शतकात दुर्बिणी अवाढव्य झाल्या आणि हौशी माणूस मागे पडला. कॉमनची ९१ सेंटिमीटरची दुर्बीण आधीच फिरत फिरत लिकला पोचली होती. जेम्स कीलरने १८९८ ते १९०० या दोन वर्षांत तिच्यावर काम करून दाखवून दिलं की सर्पिल तेजोमेघ मूठभर नाहीत, ते हजारोंनी आहेत.

मग १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये माउंट विल्सनच्या अडीच मीटर दुर्बिणीवर एडविन हबलला देवयानीत एक बदलता तारा सापडला. त्यावरून अंतर काढता आलं, आणि रॉबर्ट्सची ‘जन्मणारी सूर्यमाला’ आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. त्या प्लेटांवर तारे ठिपक्यासारखे राहिले ते हबल स्वतः गायडिंग करत बसत असे म्हणून. त्याचा सहकारी मिल्टन ह्युमसन तर त्या डोंगरावर आधी खेचरं हाकायचा, मग वेधशाळेत झाडलोट करायचा. अंधूक दीर्घिकांचे वर्णपट घ्यायला तो एकच प्लेट अनेक रात्री पुन्हा पुन्हा उघडायचा.

१९४० च्या दशकाच्या शेवटी पालोमारची पाच मीटर दुर्बीण आली. तिच्या तोंडाशी, बरोबर मध्यात, एक पिंजरा होता. त्यात खगोलशास्त्रज्ञ रात्रभर बसायचा, विजेवर गरम होणारा सूट घालून. जगातली सर्वात मोठी दुर्बीण, आणि तिची अचूकता शेवटी कुडकुडणाऱ्या एका माणसाच्या डोळ्यावर!

माणसाची सुटका करायचे प्रयत्न सुरू झाले होते. १९३७ मध्ये व्हिटफर्ड आणि क्रॉन यांनी विजेचा डोळा वापरून दुर्बीण गाइड करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तत्त्व सोपं: ताऱ्याचा प्रकाश दोन भागांत विभागा. दोन्ही भाग सारखे तर तारा मध्यावर, एक जास्त भरला तर तारा त्या बाजूला सरकलाय, मोटरला सांगा. पण हे वेधशाळांपुरतंच राहिलं. तुमच्या-आमच्यासारख्यांना अजून पन्नास वर्षं थांबायचं होतं.

दोन फळ्या आणि एक बोल्ट

या पन्नास वर्षांत हौशी लोकांनी काय केलं? तेच, बर्नार्डचं. फिल्मला आणखी एक रोग होता. मंद प्रकाशात ती थकते, एक्सपोजर दुप्पट केलं तरी प्रकाश दुप्पट साठत नाही. म्हणून १९७० च्या दशकापासून लोक फिल्म हायड्रोजन असलेल्या वायूत भाजून घ्यायचे. मग तासभर लाल दिव्याने उजळलेल्या फुलीकडे बघत, हातात बटणांचा डबा घेऊन, मान वाकडी करून बसायचे.

पण एक वेगळा रस्ताही निघाला. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी एक जुगाड छापून आणला. दोन लाकडी फळ्या, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला बोल्ट. बिजागरी ध्रुवताऱ्याकडे रोखायची, वरच्या फळीवर कॅमेरा, आणि बोल्ट मिनिटाला एक फेरी या वेगाने हाताने फिरवायचा. गणित बघा: सहा मिलिमीटरचा साधा बोल्ट, ज्याचे आटे एक-एक मिलिमीटरवर आहेत, तो बिजागरीपासून सुमारे २२.९ सेंटिमीटरवर लावला की फळी बरोबर आकाशाच्या वेगाने उघडते. घड्याळाचा सेकंदकाटा बघत फिरवा. रुंद कोनाच्या भिंगाला काही मिनिटं आरामात चालतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सामानात आकाशगंगा!

हे आजही करता येतं. “परवडत नाही” म्हणणाऱ्यांनी इथे पॉज करून आकडा लिहून घ्या.

एकतीस हजार पिक्सेल

१९९० च्या आसपास अमेरिकेतल्या एसबीआयजी या छोट्या कंपनीने एसटी-४ नावाचा डबा आणला. आत सीसीडी चिप, १९२ गुणिले १६५ पिक्सेल. म्हणजे एकूण ३१,६८०. तुमच्या फोनच्या पाच कोटी पिक्सेलपुढे अगदीच चिल्लर. पण हा डबा एका ताऱ्याकडे न कंटाळता बघत बसायचा आणि तारा सरकला की माउंटला स्वतः सांगायचा. बर्नार्डची खुर्ची पहिल्यांदाच रिकामी झाली. आजही अनेक माउंटवर गायडिंगची केबल लावायच्या जागेला ‘एसटी-४ पोर्ट’च म्हणतात.

मग वेबकॅम स्वस्त झाले, लॅपटॉप घरोघरी आले. २००० च्या दशकात क्रेग स्टार्क यांनी पीएचडी गायडिंग नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. हे मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक, खगोलशास्त्र हा त्यांचा छंद. पुढे त्याचा कोड खुला झाला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून पीएचडी-२ वाढवलं. आजही ते फुकट आहे.

ते करतं काय? दर एक ते तीन सेकंदांनी गाइड ताऱ्याचा फोटो घेतं. ताऱ्याचं चित्र अनेक पिक्सेलांवर पसरलेलं असतं, त्यामुळे त्याचा मध्य पिक्सेलच्या छोट्या अंशापर्यंत काढता येतो. समजा तारा २ आर्कसेकंद सरकला. माउंटला निम्म्या वेगाची सूचना द्यायची, म्हणजे सेकंदाला साडेसात आर्कसेकंद. मग सुमारे पाव सेकंद मोटर चालवली की काम झालं. बास. रात्रभर हेच.

माउंटच्या वर्म गिअरची लय इथे पकडली जाते. १८० दात असलेल्या चाकात वर्म साधारण आठ मिनिटांत एक फेरी मारतो आणि त्याच्यातली खोट दर आठ मिनिटांनी तशीच परत येते. स्वस्त माउंटमध्ये हा झोका २०-३० आर्कसेकंदांचाही असू शकतो. पण तो हळूहळू येतो, आणि हळू येणारी चूक पकडता येते.

जास्त शहाणपणाचा तोटा

आता एक फसवी गोष्ट. नवीन माणूस काय करतो? गायडिंगचा आलेख बघतो, त्यात काटे दिसतात, मग प्रत्येक काटा ठेचायला सॉफ्टवेअर जास्तीत जास्त आक्रमक करून ठेवतो. आणि फोटो आणखी बिघडतो!

कारण तारा फक्त माउंटमुळे हलत नाही. वातावरणामुळेही तो थरथरतो, एक-दोन, कधी तीन आर्कसेकंद, सेकंदाच्या छोट्या भागात. तुमची दुरुस्ती पोचेपर्यंत हवेने ताऱ्याला परत जागेवर नेलेलं असतं. मग आपण नसलेली चूक दुरुस्त करतो आणि खरी चूक तयार करतो. म्हणून जाणकार लोक गाइड एक्सपोजर दोन-तीन सेकंदांचं ठेवतात, म्हणजे थरथर सरासरीत विरते. छोट्या हालचालींकडे दुर्लक्ष करायला सांगतात आणि मोजलेल्या चुकीच्या ६०-७० टक्केच दुरुस्ती एका वेळी देतात. लाल दिव्याशेजारी तासन्‌तास बसणाऱ्यांना हे अनुभवातून कळायचं. सॉफ्टवेअरला आकड्यांत सांगावं लागतं.

गायडिंगने सगळं झाकलं जात नाही, हेही लक्षात ठेवा. माउंटचा अक्ष ध्रुवापासून पाच कला चुकला, तर तारा मिनिटाला सव्वा आर्कसेकंदापर्यंत वाहतो. गायडिंग ते ओढून धरेल, पण मग चित्र गाइड ताऱ्याभोवती हळूहळू गोल फिरतं. आणि आपल्याकडे ध्रुवतारा बुटका! पुण्यात तो क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंश वर. समोर इमारत किंवा डोंगर आला की गायब. म्हणून आपल्याकडच्या मंडळींना ध्रुवतारा न बघता अक्ष जुळवायच्या युक्त्या शिकाव्याच लागतात. एक तर ताऱ्याचं वाहणं मोजून, नाहीतर फोटोतले तारे सॉफ्टवेअरकडून ओळखवून.

वाईट चाक, चांगला फोटो

या इतिहासाने घेतलेलं शेवटचं वळण मला सर्वात आवडतं. गेल्या काही वर्षांत हार्मोनिक, म्हणजेच स्ट्रेन वेव्ह गिअरचे माउंट आलेत. हा गिअर वॉल्टन मसर यांनी १९५० च्या दशकात काढला आणि चंद्रावर गेलेल्या रोव्हरच्या चाकांतही तो होता. छोटा, हलका, ताकदवान. वजनाचा तोल साधायला वेगळी लोखंडी वजनं बहुतेक वेळा लागत नाहीत, पाठीवर घेऊन ट्रेकला जाता येतं.

पण याची आवर्ती चूक? चांगल्या वर्म गिअरपेक्षा मोठी, कितीतरी वेळा दहा-वीस आर्कसेकंदांच्या घरात. शंभर वर्षांपूर्वी असं यंत्र कुणी दारात उभं केलं नसतं. आज लोक आनंदाने घेतात, कारण चूक मोठी असली तरी गुळगुळीत आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा डोळा आता स्वस्तात मिळतो. दुसऱ्या टोकाला महागडे माउंट आहेत, ज्यांत अक्षावरचे एन्कोडर कोन थेट मोजतात. पण तिथेही आत तेच चाललंय. मोजा, तुलना करा, दुरुस्त करा.

दोनशे वर्षांत कुणालाही निर्दोष चाक बनवता आलं नाही. फ्राउनहोफरला नाही, ग्रबला नाही, आजच्या कंपन्यांनाही नाही. फोटो सुधारले ते चुकीवर पहारा सुधारला म्हणून.

आणि आता परत देवयानीकडे. रॉबर्ट्सने जिची वळणं दाखवली, हबलने जिचं अंतर काढलं, जिचे तेव्हापासून अगणित फोटो निघालेत, तिच्यात नवीन काय उरणार? २०२२ मध्ये यान सेंटी, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेव्हिअर स्ट्रॉटनर या हौशी मंडळींना देवयानीशेजारी ऑक्सिजनच्या निळसर प्रकाशाची एक प्रचंड कमान सापडली. आधी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. फोटो फ्रान्समधून छोट्या दुर्बिणीने घेतलेले, अनेक रात्रींचे मिळून शंभराहून जास्त तास. पुढे व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ सोबत आले आणि २०२३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शंभर तास एका माणसाने आयपीसला डोळा लावून बसणं? बर्नार्डलाही ते झेपलं नसतं. पण पहारा यंत्राकडे गेला आणि हौशी माणूस, जो ड्रेपर-कॉमनच्या काळात पुढे होता, तो पुन्हा पुढच्या रांगेत आला.

तेव्हा मंडळी, पावसाळा संपू द्या. महाराष्ट्रात काळं आकाश अजून आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला तर २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, तिथे यंत्रं बघायला आणि शिकायला मिळतात. आणि काहीच नसेल तर दोन फळ्या, एक बिजागरी, एक बोल्ट. २२.९ सेंटिमीटर. विसरू नका.

पहिल्या फोटोत रेघा येतील. येऊ द्या. रेघ कुठल्या दिशेला गेली ते बघा, कारण चूक कुठे आहे ते तीच सांगते. मग बोल्ट थोडा हळू फिरवा, बिजागरी थोडी सरकवा, आणि परत.

भाग आवडला तर ट्रेकच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, वर बघत राहा!